रेषेला हात

माझ्या पासपोर्टवर अमेरिकेने जो शिक्का मारला त्याचा साधा अर्थ असा होता, की ही बाई अमक्याची बायको आहे आणि हिने इथे काम करायचं नाही. नवऱ्याचा व्हिसा एच-वन, माझा एच-फोर. नव्वदच्या दशकात कोबोल ही कॉम्प्युटरची जुनी भाषा येणाऱ्या माणसासाठी तिथे पायघड्या घातल्या जात होत्या आणि त्याच्या मागून येणाऱ्या बायकोला घरात बसवलं जात होतं. घरात बसायची मला सवय नव्हती. बारा वर्षांची असल्यापासून मी परळच्या मातीत कबड्डी खेळत आले होते. त्याच जोरावर एका बँकेत चिकटले आणि बँकेच्या संघातून सात वर्षं खेळले. मग लग्न झालं, व्हिसा आला, बँकेला राजीनामा दिला आणि न्यू जर्सीत आयसेलिनजवळच्या एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन बसले.

सकाळी साडेसातला नवरा आमची एकुलती एक गाडी घेऊन जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. ओक ट्री रोडवरची आपली दुकानं दोन मैलांवर होती, पण मधल्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. एकदा हट्टाने चालत निघाले, तर तीन गाड्या थांबल्या आणि तिघांनीही काळजीने विचारलं, की बाई, तुमची गाडी बंद पडली का? चौथ्याने विचारण्याआधी मी परत फिरले. मग दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा. कोणाची गाडी कधी जाते आणि कधी येते हे मला वॉचमनपेक्षा चांगलं ठाऊक झालं असतं, पण तिथे वॉचमनही नव्हता. मला त्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तोही कंपनीच्या व्हिसाला बांधलेला होता. त्याने नोकरी सोडली असती तर दोघांनाही परतीच्या विमानात बसावं लागलं असतं. एका कोंडलेल्याने दुसऱ्याला काय सांगायचं?

इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. एका मंगळवारी ड्रायर थांबायची वाट बघत मी तिथला नोटीस बोर्ड वाचत होते. कोणाचं मांजर हरवलेलं, कोणाला सोफा विकायचा. त्यांच्या मध्ये एक झेरॉक्स कागद लावला होता. त्यावर लांबुळका चेंडू छातीशी धरून धावणारा एक आडदांड माणूस होता, आणि त्याच्या कंबरेला अन् खांद्याला तिघं जण लटकलेले होते. खाली लिहिलं होतं, खेळाडू हवेत, अनुभवाची गरज नाही. मी आपली मराठीतच पुटपुटले, "तिघं लटकलेत आणि पाय मोकळेच सोडलेत. जाणारच तो."

मागून कोणीतरी विचारलं, काय म्हणालात? वळून बघते तर पंचावन्नच्या आसपासचा, लालबुंद चेहऱ्याचा एक गोरा माणूस टॉवेलांची चळत घेऊन उभा होता. माझं इंग्रजी तेव्हा बँकेतल्या फॉर्मांपुरतं होतं. मी फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "लेग. नोबडी होल्डिंग लेग." तेवढ्याने समाधान होईना म्हणून मी खाली बसले, कपड्यांची टोपली दोन्ही हातांनी बुडाशी धरली, अंग मागे टाकलं आणि हिसका दिला. टोपली आडवी झाली. तो माणूस आधी टोपलीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. त्याने टॉवेल खाली ठेवले आणि विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात?

हा माणूस मूळचा उत्तर इंग्लंडातला, लोकरीच्या गिरण्यांच्या गावचा. अमेरिकन बायको केली म्हणून इकडे आला होता आणि औषधांच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, रग्बी लीग. त्याच्या भागातल्या पाच-पंचवीस गावांत लोक या खेळासाठी जीव टाकतात आणि तिथून खाली तासभर गाडीने गेलं की कोणी त्याचं नावही काढत नाही, असं तो म्हणाला. मला हे सांगायला नको होतं. आमच्याकडेही परळ-नायगावात कबड्डीपटूला सगळा रस्ता ओळखतो आणि तिथून टॅक्सीने मलबार हिलला गेलं तर लिफ्टमन विचारतो, कोणाकडे जायचंय. गिरण्या त्याच्याकडेही होत्या आणि आमच्याकडेही. आम्हाला एकमेकांचं इंग्रजी निम्मंच कळत होतं, पण हे पूर्ण कळलं.

तिथल्या आमच्या मराठी मंडळींत पुढे त्याचं नाव "गोरेकाका" पडलं. कोणाची तरी आई पुण्याहून राहायला आली होती. तिने दोन दिवस हे नाव ऐकून विचारलं, की हे गोरे कोणते, आपल्या सदाशिव पेठेतल्या गोऱ्यांपैकी का? ते गोरेकाकांना समजावून सांगायला आम्हाला पाऊण तास लागला आणि तरी ते हसले नाहीत.

खेळ असा होता. तेरा गडी या बाजूला, तेरा त्या. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, पण फेकायचा तो मागेच. समोरच्यांनी धरून पाडलं की पंच ओरडणार, "हेल्ड." म्हणजे पकड झाली. मग गप्प उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवून टाचेने मागच्या गड्याकडे ढकलायचा आणि पुन्हा सुरुवात. सहा वेळा पकड झाली की चेंडू समोरच्यांना. शेवटच्या रेषेवर किंवा पलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, चार गुण. मग उंच खांबांमधून चेंडू लाथाडला की आणखी दोन. एवढंच. कबड्डीवालीला यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

गोरेकाकांना एक वर्ष झालं होतं संघ उभा करायच्या मागे लागून, आणि हाताशी गडी होते नऊ. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला चार संघ होते, पाचवा संघ म्हणून त्यांनी कसंबसं याला आत घेतलं होतं. अमेरिकन माणसाला रग्बी म्हटलं की कॉलेजातली दुसरी रग्बी आठवायची. ही वेगळी, असं सांगितलं की तो विचारायचा, मग हेल्मेट कुठाय. टाउनशिपचं मैदान लहान मुलांच्या सॉकरला दिलेलं, ते शनिवारी दुपारी तीननंतर मोकळं व्हायचं. रग्बीचे उंच खांब त्या मैदानावर नव्हतेच, म्हणून काकांनी प्लंबिंगचे पाइप सॉकरच्या गोलला बांधले होते. वारा सुटला की ते डुलायचे. नऊ जणांत तीन अमेरिकन फुटबॉलवाले होते. ते दर पकडीनंतर डोकी एकत्र करून सल्लामसलत करायला उभे राहायचे, तोवर समोरचे चेंडू घेऊन पसार.

मी त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "शनिवारी खेळायला जायचंय." तो म्हणाला, "कोणी?" मी म्हटलं, "तू." माझा नवरा म्हणजे चष्मा लावून झोपणारा माणूस. शाळेत खो-खो खेळला होता तेवढाच. त्याने विचारलं, "आणि तू?" मी म्हटलं, "मी शिकवणार." दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातल्या आणखी तिघांना पटवून आला. त्यांत एक नागपूरचा होता, सहा फुटी, खांद्याने दार भरून टाकणारा. पहिल्या दिवशी नियम ऐकून तो म्हणाला, "वहिनी, मला तर काहीच समजून नाही राहिलं. पण कोणाला पाडायचं ते दाखवून द्या, पाडून टाकतो." असे तेरा झाले.

तेव्हापासून माझ्या आठवड्याला एक दिवस आला. सोमवार ते शुक्रवार मी त्या शनिवारच्या दोन तासांवर काढायचे. काकांनी मला पकड शिकवायला सांगितलं. मी बोलायचे कमी, करून दाखवायचे जास्त. दोन-दोन जणांची साखळी कशी धरायची, घोट्यावर कधी जायचं आणि मांडीवर कधी, धावणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता कंबरेकडे का बघायचं. गवतावर पंजाबी ड्रेसच्या ओढणीला गाठ मारून मी घोट्यावर झेप घ्यायचे आणि फुटबॉलवाले पोरगे तोंड उघडं टाकून बघायचे. पहिल्या शनिवारी रात्री माझे गुडघे खरचटलेले होते आणि मला वर्षभरात इतकी छान झोप लागली नव्हती.

आमच्या बायकांत अर्थातच चर्चा झाली. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू ढोकळ्याचा तुकडा मोडत म्हणाल्या, "अगं, नवऱ्याचे पाय धरायचे सोडून गोऱ्यांना पाय धरायला शिकवतेस म्हणे." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "काकू, नवऱ्यालाही शिकवतेय. तोही धरतो आता."

काकांना माझं नाव संघाच्या कागदावर घालायचं होतं, सहायक प्रशिक्षक म्हणून. मला उगीच आनंद झाला. घरी येऊन मी ते सांगितलं, तर नवऱ्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "कुठे कागदावर काम असं दिसायला नको. उद्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगला गेलो आणि कोणी विचारलं तर?" मी म्हटलं, फुकटचं आहे, छापून कुठे येणार आहे? तो म्हणाला, "रिस्क नको ना." त्याची भीती खोटी नव्हती. कोणत्या कागदाने काय बिघडेल हे आमच्यात कोणालाच नक्की माहीत नसायचं, म्हणून आम्ही सगळ्याच कागदांना घाबरायचो. शेवटी काकांनी त्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं. मी ते लिहिताना बघितलं. घोट्याची पकड माझी आणि नाव त्याचं. मला इतका राग आला की त्या दिवशी मी दोन माणसांना नको तितक्या जोरात पाडलं.

एका गोष्टीवर काकांचं आणि माझं जमत नव्हतं. "हेल्ड" म्हटलं की थांबायचं, हे माझ्या अंगात उतरत नव्हतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याला चौघांनी दाबून धरलं तरी खेळ संपत नाही. छातीत दम आहे तोवर त्याने सरपटत, अंग लांब करत मधल्या रेषेला हात लावायचा असतो. हात लागला की ज्यांनी धरलं तेच सगळे बाद. माझी निम्मी कबड्डी त्या हातावर चालली होती. इथे उलटं होतं. चेंडू धरलेला हात जमिनीला टेकला की माणूस धरला गेला. त्यानंतर त्याने पुन्हा हात पुढे सरकवून रेषेवर चेंडू टेकवला, तर ट्राय नाहीच, वर दंड. काका म्हणायचे, धरला गेलास की मान्य कर, उठ, पुढच्या वेळी बघ. मी नवऱ्याला आणि बाकीच्यांना शिकवताना म्हणायचे, हात टेकेपर्यंत तरी सोडू नका. काका म्हणायचे, टेकेपर्यंतच. आम्ही दोघंही बरोबर होतो, फरक वीतभराचा होता.

आम्ही हरत होतो, पण दर वेळी कमी फरकाने. पाचवी मॅच हरल्यावर काकांना फोन आला. पलीकडच्या संघांची कुरकुर होती, की तीन-तीन तास गाडी चालवून यायचं आणि नवशिक्यांना धुऊन परत जायचं यात काय अर्थ आहे? उरलेल्या दोन सामन्यांत एक तरी जिंका, नाहीतर पुढच्या मोसमात पाचवा संघ ठेवायचा नाही असं ठरलं होतं. काका हे सांगताना गोलचे तेच पाइप पुन्हा पुन्हा पुसत होते. त्यांचं दीड वर्षांचं सगळं त्यात होतं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आधी माझ्यासाठी वाटलं. संघ गेला की माझा शनिवार जाणार होता आणि मग परत तो पार्किंग लॉट.

त्यातला पहिला सामना गेला तो नागपूरकरामुळे. म्हणजे त्याच्या नसण्यामुळे. त्याच्या कंपनीने गुरुवारी सांगितलं की सोमवारपासून लांब दक्षिणेत कॅरी गावी नवा प्रोजेक्ट आहे, निघा. नाही म्हणायची सोय नसते. तो भेटायला आला, माझ्या हातचं पोटभर जेवला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्यासारखा दुसरा पाहून घ्या ना." कुठून बघणार? आम्ही बारा जण घेऊन गेलो आणि सपाटून हरलो. शेवटच्या सामन्याला तेरावा मिळाला नाही तेव्हा पंचावन्न वर्षांचे गोरेकाका स्वतः मोजे चढवून उभे राहिले. जाताना त्यांनी मला शिट्टी दिली, पाण्याचे डबे दिले आणि सांगितलं, बाहेरून तूच बघ.

ऑगस्टची दुपार होती, मैदान तापलेलं. आपल्या लोकांच्या पाच-सहा गाड्या आल्या होत्या. ढोकळेवाल्या काकूही आल्या होत्या, फोल्डिंग खुर्ची आणि छत्री घेऊन. मी कडेकडेने चालत होते. पोरांनी त्या दिवशी अशा पकडी केल्या की परळच्या मैदानात शिट्ट्या पडल्या असत्या. दोघं घोट्याला, एक मांडीला, आणि समोरचे दांडगे गडी पोत्यासारखे खाली. त्यांना कळतच नव्हतं हे कुठून येतंय. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा ते चौदा आणि आम्ही बारा होतो आणि चेंडू आमच्याकडे होता, त्यांच्या रेषेपासून वीस पावलांवर. एक ट्राय झाला असता तर जिंकलो असतो.

एकदा धरले गेलो, दोनदा धरले गेलो, दर वेळी चार पावलं पुढे सरकत. तिसऱ्यांदा काका पडले आणि गुडघा धरून उठले. चौथ्या वेळी चेंडू माझ्या नवऱ्याकडे आला. तो खांदा पाडून दोघांच्या मधून घुसला, माझा चष्मेवाला नवरा, आणि तिसऱ्याने त्याला कंबरेत धरलं. तो पालथा पडला. चेंडूचा हात जमिनीवर आपटलेला मी बघितला. रेष हातभर लांब होती. त्याच्या पाठीवर दोघं बसलेले, तो निपचित. आणि माझ्या पोटातून आवाज निघाला. मी ठरवून ओरडले नाही. "हात लाव! अरे हात लाव, रेषेला हात लाव!" मी मराठीत किंचाळत होते आणि कडेने धावत होते.

त्याचा हात सरकला. चेंडू रेषेवर टेकला. आपली सगळी मंडळी उड्या मारू लागली, काकूंची छत्री उडाली. मीही उडी मारली. मग पंचाची लांब शिट्टी वाजली आणि त्याने हात उलट्या दिशेला केला. दंड आमच्यावर. त्यांनी चेंडू लांब लाथाडला आणि उरलेला वेळ चेंडू आमच्या हाती लागू दिला नाही.

गोरेकाकांनी सगळ्यांशी हात मिळवले, पंचांशीही, आणि लंगडत जाऊन सॉकरच्या गोलचे पाइप सोडवायला लागले. मी मदत करायला गेले तर म्हणाले, पकडी सुंदर झाल्या. मला तिथे उभं राहवेना.

गाडीत बसल्यावर मी नवऱ्यावर तुटून पडले. चूक आपली असली की आवाज चढतो, तसा माझा चढला. म्हटलं, इतके महिने काय शिकलास? हात टेकला की थांबायचं, एवढा साधा नियम, काकांनी शंभर वेळा सांगितलेला. अजून दोन टॅकल हातात होते. उठून चेंडू मागे दिला असतास तर कोणीही लोळत गेलं असतं रेषेवर. त्याने उजवा खांदा सीटला टेकवला होता आणि एका हाताने गाडी चालवत होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं. मी थांबलोच होतो."

"मग?"

"मी मोजले होते. अजून दोन आहेत, आता उठायचं, चेंडू मागे द्यायचा. सगळं डोक्यात होतं. मग तू ओरडलीस. इथे आल्यापासून तुला असं ओरडताना मी ऐकलंच नव्हतं गं. मला थांबताच आलं नाही."